ॲड्रियाटिक किनारा आणि मधुचंद्राची यात्रा : एका सामाजिक प्रथेचा ऐतिहासिक मागोवा (इ. स. १८४४ ते २०२४)

प्रास्ताविक

विवाहानंतर नवदांपत्याने काही दिवस घरापासून दूर राहावे, ही प्रथा आज इतकी सर्वमान्य झाली आहे की तिच्यामागे इतिहास आहे याचे भान सहसा राहत नाही. मराठीतील 'मधुचंद्र' हा शब्द इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर आहे. ॲड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोएशियन भाषेत याच कल्पनेला 'मेदेनी म्येसेत्स' म्हणतात. त्यातील 'मेद' हा शब्द संस्कृत 'मधु'शी आणि 'म्येसेत्स' हा 'मास'शी मूळ धातूच्या दृष्टीने संबंधित आहे. शब्द जवळचे असले तरी प्रथा मात्र दोन्हीकडे अर्वाचीन आहे. रेल्वे, आगबोट, छापील मार्गदर्शिका आणि मध्यमवर्गाच्या हाती आलेला मोकळा वेळ यांच्या संयोगातून ती एकोणिसाव्या शतकात रूढ झाली.

व्हेनिसपासून दुब्रोव्निक व कोतोरपर्यंत पसरलेला ॲड्रियाटिक किनारा हा या प्रथेच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. दीड शतकात या किनाऱ्यावर अनेक सत्ता आल्या आणि गेल्या, परंतु दांपत्यांची ये-जा थोड्या थोड्या खंडानंतर पुन्हा सुरू होत राहिली. ही यात्रा कोणी घडविली, कोणाच्या सोयीने घडविली आणि तिची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्हेनिस : प्रतिमा आणि अनुभव

व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपुष्टात आले आणि पुढे १८६६ पर्यंतचा बहुतेक काळ हे शहर ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. १८४६ मध्ये खाडीवरून रेल्वेपूल झाला आणि केवळ जलमार्गाने गाठता येणारे शहर मुख्य भूमीशी जोडले गेले. वैभव ओसरलेले शहर हे प्रेमिकांचे शहर म्हणून प्रसिद्धीस येण्यात या पुलाचा वाटा मोठा आहे.

तथापि या प्रतिमेच्या आड प्रत्यक्ष दांपत्यांचे अनुभव निराळे होते. कलासमीक्षक जॉन रस्किन आणि एफी ग्रे यांचा विवाह १८४८ मध्ये झाला. १८४९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे ऑस्ट्रियाविरुद्धचा उठाव मोडून काढल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ते व्हेनिसमध्ये दाखल झाले. रस्किन इमारतींची मापे आणि रेखाटने घेण्यात दिवसचे दिवस घालवीत असे. त्यातून 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' हा ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झाला. एफीने घरी पाठविलेली पत्रे पुढे प्रकाशित झाली व त्या काळातील व्हेनिसच्या समाजजीवनाचे ती मौलिक साधन ठरली. एकाच शहरात दोघे दोन निराळी शहरे पाहत होते, असेच ही दोन लेखने वाचून म्हणावे लागते. हा विवाह १८५४ मध्ये रद्दबातल ठरला.

दुसरे उदाहरण कादंबरीकार जॉर्ज इलियट यांचे आहे. वयाच्या साठाव्या वर्षी, मे १८८० मध्ये, त्यांनी आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या जॉन क्रॉस यांच्याशी विवाह केला. मधुचंद्राच्या प्रवासात व्हेनिसमधील हॉटेलच्या सज्जातून क्रॉस यांनी ग्रँड कॅनॉलमध्ये उडी घेतली. ते बचावले. इलियट यांचे निधन त्याच वर्षी डिसेंबरात झाले. या घटना अपवादात्मक असल्या तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. स्थळाची कीर्ती दांपत्याच्या सहजीवनाची हमी देऊ शकत नाही, हे त्या काळातही अनुभवास येत होते.

मिरामारे : एका दांपत्याचे अपुरे घर

जुलै १८५७ मध्ये दोन घटना घडल्या. व्हिएन्ना ते त्रिएस्ते हा लोहमार्ग पूर्ण होऊन साम्राज्याची राजधानी समुद्राशी जोडली गेली. त्याच महिन्यात सम्राट फ्रान्झ जोसेफचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन आणि बेल्जियमची राजकन्या शार्लोट यांचा विवाह झाला. ऑस्ट्रियाच्या आरमाराचा प्रमुख असलेल्या मॅक्सिमिलियनने त्रिएस्तेजवळच्या खडकाळ भूशिरावर मिरामारे हा प्रासाद बांधावयास घेतला होता. स्वतःचे अभ्यासिकेचे दालन त्याने 'नोव्हारा' या युद्धनौकेवरील कक्षासारखे करवून घेतले. १८५९ मध्ये त्याने दुब्रोव्निकसमोरील लोक्रुम हे बेटही विकत घेतले.

१८६४ च्या एप्रिलमध्ये हे दांपत्य त्याच 'नोव्हारा' नौकेतून मेक्सिकोकडे निघाले. फ्रान्सच्या पाठिंब्याने मिळालेले तेथील सिंहासन तीन वर्षेच टिकले. १८६६ मध्ये शार्लोट मदत मागण्यासाठी युरोपात परतली. तिचे मानसिक संतुलन ढळले आणि काही महिने तिला मिरामारेच्याच परिसरात एकांतात ठेवण्यात आले. जून १८६७ मध्ये मॅक्सिमिलियनला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्याचा देह 'नोव्हारा'वरूनच त्रिएस्तेला आणला गेला. शार्लोट १९२७ पर्यंत जगली. आज मिरामारे पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशांना त्याचे शुभ्र सौंदर्य दिसते, पण त्याच्या उभारणीमागील स्वप्न आणि त्याचा शेवट या दोन्ही गोष्टी त्या वास्तूचाच भाग आहेत.

ओपातिया : रेल्वे, वैद्यक आणि प्रणय

संघटित पर्यटनाची खरी पायाभरणी क्वार्नर आखाताच्या काठावरील ओपातिया या गावी झाली. रियेका येथील व्यापारी इजिनियो स्कार्पा याने १८४४ मध्ये येथे एक बंगला बांधला व त्याला आपल्या दिवंगत पत्नीचे, अँजोलिनाचे, नाव दिले. पुढे जो किनारा नवदांपत्यांचा म्हणून ओळखला गेला, त्याच्या आरंभी एका विधुराने जपलेली स्मृती आहे.

१८७३ मध्ये रियेकापर्यंत रेल्वेचा फाटा आला. दक्षिण रेल्वे कंपनीचा महासंचालक फ्रीडरिख श्यूलर याने ओळखले की, मालाच्या वाहतुकीइतकीच विश्रांतीसाठी येणाऱ्यांची वाहतूकही कंपनीला किफायतशीर ठरेल. कंपनीने हा बंगला विकत घेतला आणि १८८४ मध्ये 'क्वार्नेरो' हे हॉटेल सुरू केले. पूर्व ॲड्रियाटिक किनाऱ्यावरील ते पहिले मोठे पर्यटक-हॉटेल होय. पुढच्याच वर्षी उघडलेल्या दुसऱ्या हॉटेलास युवराज्ञी स्टेफनीचे नाव देण्यात आले. १८८९ मध्ये ओपातियाला हवापालटाचे अधिकृत आरोग्यस्थान म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी युवराज रुडॉल्फचा मायर्लिंग येथे अंत झाला आणि स्टेफनी विधवा झाली. हॉटेलावरील नाव मात्र राहिले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ओपातिया हे मुळात हिवाळी ठिकाण होते. उच्का पर्वत 'बोरा' या ईशान्येकडील बोचऱ्या वाऱ्यास बऱ्याच अंशी अडवितो, त्यामुळे व्हिएन्ना व बुडापेस्ट येथील धनिक थंडीच्या दिवसांत येथे येत. छातीच्या विकारांवर समुद्राची हवा हितकारक मानली जाई. आरोग्यासाठी म्हणून आखलेल्या सागरतटीच्या पायवाटेवर, जिची लांबी पुढे सुमारे बारा किलोमीटर झाली, वधूवरांची जोडपी फिरू लागली. प्रणयाचे स्थळ हे रुग्णांच्या स्थळावर हळूहळू उभे राहिले. उन्हाळी समुद्रस्नानाची आवड पहिल्या महायुद्धानंतर वाढली, तेव्हा हंगामाचा क्रमच उलटला.

यात्रेच्या नियोजनाचे स्वरूपही याच काळात ठरले. कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशनसंस्थेच्या मार्गदर्शिका, रेल्वेचे वेळापत्रक आणि त्रिएस्तेच्या ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या आगबोटी या तिन्हींच्या आधारे दांपत्ये आपला प्रवास आखीत. हीच कंपनी सुएझ कालवा खुला झाल्यावर त्रिएस्ते आणि मुंबई यांच्यामध्ये नियमित बोटी चालवीत असे. काय पाहावे आणि काय टाळावे, हे मार्गदर्शिकेतील तारका ठरवू लागल्या. अत्यंत खाजगी मानल्या गेलेल्या प्रवासाची दिनचर्या अशा प्रकारे छापील पानावर येऊन ठेपली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान

१९१८ नंतर साम्राज्य विसर्जित झाले. इस्त्रिया व ओपातिया इटलीकडे गेले, तर दाल्मेशियाचा बहुतांश भाग नव्या युगोस्लाव्ह राज्यात आला. ऑगस्ट १९३६ मध्ये ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड आणि वॉलिस सिम्पसन यांनी 'नाहलिन' या नौकेतून शिबेनिकपासून दाल्मेशियाच्या किनाऱ्याने सफर केली. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांची छायाचित्रे ठळकपणे छापली. ब्रिटिश वृत्तपत्रांनी मात्र मौन पाळले. त्याच वर्षीच्या ११ डिसेंबरला राजाचा पदत्याग अमलात आला. विवाहापूर्वीच झालेल्या या सफरीने दाल्मेशियाचे नाव जगभर पोहोचविले. राजघराण्यांची हवापालटाची जागा या टप्प्यावर प्रसिद्धीमाध्यमांच्या कुतूहलाचा विषय बनली.

समाजवादी राजवट आणि परकी चलन

१९४७ च्या पॅरिस तहाने इस्त्रियाचा मोठा भाग युगोस्लाव्हियास मिळाला. १९४८ मध्ये सोव्हिएत गटाशी संबंध तुटल्यावर मार्शल टिटोच्या राजवटीला परकी चलनाची निकड होती. कामगारांसाठी विश्रांतिगृहे आणि परदेशी पर्यटकांसाठी हॉटेले असे दुहेरी धोरण त्यातून आकारास आले. १९५६ च्या जुलैमध्ये टिटो, नेहरू आणि नासर यांची भेट ज्या ब्रियोनी बेटावर झाली, तेही मूळचे विश्रामस्थानच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट कॉख यांच्या प्रयत्नांनी तेथील हिवताप हटला, तेव्हा ते वस्तीयोग्य झाले होते. १९६५ मध्ये किनाऱ्यालगतचा ॲड्रियाटिक महामार्ग पूर्ण झाला आणि मोटारीने येणाऱ्या जर्मन व ऑस्ट्रियन कुटुंबांची रीघ लागली.

या धोरणाची दुसरी बाजू मॉंटेनेग्रोतील स्वेती स्तेफान येथे दिसते. वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्याने जमिनीशी जोडलेले हे तटबंदीयुक्त कोळ्यांचे गाव होते. १९५० च्या दशकात उरलेल्या रहिवाशांना किनाऱ्यावर हलविण्यात आले आणि १९६० मध्ये संपूर्ण गावाचेच हॉटेल झाले. घरांच्या दगडी भिंती तशाच ठेवून आतील खोल्या बदलण्यात आल्या. चित्रपटतारका आणि राजपुरुष तेथे उतरू लागले. ज्या ओसरीत जाळी विणली जात, तेथे परक्या दांपत्यांसाठी एकांत निर्माण झाला. एकाचा एकांत दुसऱ्याच्या स्थलांतरावर उभा राहू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

युद्ध आणि त्यानंतर

१ ऑक्टोबर १९९१ पासून दुब्रोव्निकला वेढा पडला. ६ डिसेंबर १९९१ रोजी शहरावर भीषण तोफमारा झाला. युनेस्कोच्या पाहणीनुसार जुन्या शहरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना १९९१-९२ मध्ये गोळ्यांचा मारा सोसावा लागला. १८९७ मध्ये सुरू झालेले 'इंपिरियल' हे हॉटेलही त्यातून सुटले नाही. किनाऱ्यावरील अनेक हॉटेलांतून निर्वासित कुटुंबे राहू लागली. पर्यटनासाठी बांधलेल्या खोल्यांचा त्या शतकातील सर्वांत मानवी उपयोग कदाचित तोच असावा. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे शहर १९९१ ते १९९८ या काळात धोक्यातील वारशांच्या यादीत होते. नव्या कौलांनी शाकारलेली छपरे आज पर्यटकांस रमणीय वाटतात. त्यांचा नवेपणा हा त्या तोफमाऱ्याचाच पुरावा आहे.

पुनरुज्जीवन वेगाने झाले. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया युरोपीय संघात आला आणि १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्र व युरो चलन या दोहोंत सामील झाला. त्यामुळे व्हेनिस, त्रिएस्ते, ओपातिया आणि दुब्रोव्निक ही ठिकाणे भारतीय दांपत्यास एकाच प्रवेशपत्रावर पाहता येऊ लागली. मॉंटेनेग्रो या क्षेत्राबाहेर असल्याने कोतोरच्या प्रवासाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यावर बोस्नियाच्या हद्दीतून न जाता दुब्रोव्निकला पोहोचणे शक्य झाले.

या सुलभतेचे परिणामही समोर आले. दुब्रोव्निकच्या तटबंदीच्या आतील लोकवस्ती १९९१ मधील सुमारे पाच हजारांवरून घटत जाऊन दीड हजाराच्या आसपास आली. २०१९ मध्ये शहराने दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांची मर्यादा घातली. व्हेनिसमध्ये २०२१ च्या ऑगस्टपासून अवाढव्य जहाजांना ज्युडेक्का कालव्यातून जाण्यास मनाई झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो शुल्क घेण्याचा प्रयोग सुरू झाला. मुक्कामास राहणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले, ही बाब सूचक आहे. शहराला क्षणभर डोकावणाऱ्यांपेक्षा थांबणारे पाहुणे हवे आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ॲड्रियाटिक किनाऱ्याची प्रणयरम्यता ही निसर्गदत्त देणगी असली तरी तिला रूप देण्याचे कार्य रेल्वे कंपनी, वैद्यकीय मत, राज्यसंस्थेची आर्थिक गरज आणि प्रसिद्धीमाध्यमे यांनी केले. प्रत्येक पिढीने आपल्या सोयीचा किनारा घडविला, आणि त्याची किंमत बव्हंशी तेथील रहिवाशांनी मोजली.

या इतिहासाला व्यावहारिक मूल्यही आहे. जुलै-ऑगस्टमधील गर्दीचा हंगाम ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. त्याऐवजी मे-जून किंवा सप्टेंबर निवडणारे, एका गावी अधिक दिवस राहणारे आणि जहाजाऐवजी रेल्वे वा स्थानिक बोटीने जाणारे दांपत्य श्यूलरच्या काळातील प्रवाशांच्या अधिक जवळ जाते आणि किनाऱ्यावरील भारही काही प्रमाणात हलका करते. मिरामारेच्या सज्जात उभे राहताना शार्लोटची आणि स्वेती स्तेफानकडे पाहताना तेथून हललेल्या कोळी कुटुंबांची आठवण झाली, तर आनंदात उणेपणा येण्याचे कारण नाही. सहजीवनाच्या आरंभी दुसऱ्यांच्या सुखदुःखाची अशी जाणीव होणे, हाच त्या यात्रेचा टिकाऊ लाभ मानता येईल.