गांजाचे औषध आणि अर्धवट राहिलेली परीक्षा

१८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश प्राध्यापक विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी यांनी गांजावरचा निबंध मांडला. आधी जनावरांवर, मग संधिवात, धनुर्वात, पटकीच्या रुग्णांवर त्यांनी अर्क वापरून पाहिला होता. झटक्यांनी बेजार झालेली चाळीस दिवसांची एक मुलगी बरी झाली. पिसाळलेला कुत्रा चावलेला रोगी वाचला नाही, त्याच्या यातना तेवढ्या कमी झाल्या. यश आणि मर्यादा दोन्ही त्यांनी लिहून ठेवल्या, हा त्यांचा मोठेपणा.

अडचण मात्रेची होती. अफूतून मॉर्फिन वेगळे निघाले होते, ते मोजून देता येई. गांजाचा अर्क मात्र दर खेपेला वेगळा: एक बाटली निष्प्रभ, तर दुसरी भोवळ आणणारी. १९३२ साली तो ब्रिटिश औषधसंहितेतून वगळला गेला.

त्याआधी गांजाची सरकारी चौकशीही झाली होती. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षी नोंदवल्या. पण तिथे मुख्य प्रश्न कर आणि बंदीचा होता.

टीएचसी हे गांजातले नशाद्रव्य रफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. तोवर अमली पदार्थांवरचा १९६१चा आंतरराष्ट्रीय करार झाला होता आणि संशोधकाला नमुना मिळणेही जिकिरीचे होऊन बसले. बालवयातल्या दुर्धर अपस्मारावरचे, सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या घटकाचे औषध अमेरिकेत मंजूर झाले ते थेट २०१८ साली!

जुनाट वेदनेला किती मात्रा द्यावी, किती काळ द्यावी, याचे पुरावे आजही तोकडे आहेत. भारताच्या १९८५च्या अमली पदार्थविषयक एनडीपीएस कायद्यात वैद्यकीय व शास्त्रीय कामासाठी वाट ठेवलेली आहे. तिचा उपयोग करून मोठ्या चाचण्या भारतातच व्हायला हव्यात.