टोपली उचलण्याआधी

रोह्याजवळच्या निडी स्टेशनवरून दिव्यामार्गे मुंबई गाठली, की भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन पाहता येतात. २०१६ साली सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन थंड काचघरात राहतात. पण समुद्राच्या ओढीने वाळू तुडवणारा मोकळा जीव पाहायचा, तर निडीकराने उलट्या दिशेला निघावं. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोटीत बसून बाणकोटची खाडी ओलांडली, की पलीकडे वेसवी आणि तिथून जवळच वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांच्या पिल्लांसाठी ओळखलं जातं. भल्या पहाटे घर सोडलं, तर संध्याकाळी पिल्लं समुद्रात जाताना पाहून रात्री परतता येतं.

या सहलीचं मूळ एका वेगळ्याच शोधात आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. मादी रात्री येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीडेक फूट खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढे त्या घरट्याला वाली नसतो. कुत्री, कोल्हे उकरत. माणसंही अंडी काढून नेत. कायद्याने कासवाला संरक्षण होतं, पण रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा कोण राखणार?

मग संस्था, वनखातं आणि ग्रामस्थ यांनी मिळून राखण सुरू केली. वाळूत उमटलेला मादीचा माग ओळखणारी नजर गावाकडेच होती. पहाटे किनारा फिरायचा, मागावरून घरटं हुडकायचं आणि अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात, तितक्याच खोल खड्ड्यात पुरायची. यालाच हॅचरी म्हणतात. वाळूची ऊब अंडी उबवते आणि पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ठरवते. पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

साधारण पन्नासेक दिवसांनी घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. खाली पिल्लं असली, तर पाण्यापासून थोडं दूर सोडायची, म्हणजे ती स्वतःच्या वल्ह्यांनी वाळू कापत लाटेपर्यंत जातात. सहलीला जे पाहायला जातो ते एवढंच. राखणदाराचं रोजचं काम.

राखण टिकायची, तर गावाच्या चुलीलाही त्यातून काही मिळायला हवं होतं. म्हणून २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी गावातल्या घरांत उतरायचं, पडवीत निजायचं, घरचं जेवायचं आणि त्याचे पैसे त्या घराला द्यायचे. जे अंडं एकदाच खाऊन किंवा विकून संपायचं, ते राखलं तर दर हंगामात घरात पाहुणा आणू लागलं. वेळासचं बघून कोकणातली इतर किनारी गावंही या वाटेने गेली.

जगात इतरत्रही अशी वाट सापडते. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर १९२०च्या दशकात तिथले रहिवासी पाहुण्यांना टॉर्चच्या उजेडात, सांजवेळी समुद्रातून परतणारे छोटे पेंग्विन दाखवत. १९४०मध्ये पूल होईपर्यंत तिथेही फेरीबोटीनेच जावं लागे. पुढे पेंग्विनांच्या बिळांलगत घरं उठली, गाड्या धावू लागल्या, कोल्ह्यांचा उपद्रव होताच. अखेर १९८५मध्ये तिथल्या सरकारने ती घरांची वसाहत विकत घेऊन हटवायचं ठरवलं आणि जागा पक्ष्यांना परत दिली. तिथे पाहणं आधी आलं, राखणं नंतर. वेळासला राखण आधी होती आणि पाहुणा तिच्या मदतीला बोलावला गेला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण गर्दी वाढली तर कुणाचं आधी ऐकायचं, हे त्याने ठरवून ठेवलं आहे.

म्हणून तिथे गेल्यावर किनाऱ्यावर बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहावं, फ्लॅश बंद ठेवावा, पिल्लाला हात लावू नये. २०२२च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ नाव दिलं गेलं. ती समुद्रात कुठे फिरते, हे त्यातून कळू लागलं. पण हातभर अंतरावरच्या टोपलीखाली आज काय आहे, हे कुठलंच यंत्र आधी सांगत नाही. कधी तिच्याखाली नुसती वाळू असते. निडीहून सोबत आणलेली पोरं हिरमुसतात. तेव्हा त्यांना सांगावं, की राखणदार उद्या सकाळी पुन्हा येणार आहे.