टोलाची तीस वर्षं

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घेताना जाणतं गिऱ्हाईक आधी टिचकी मारतं. बद्द वाजला की समजायचं, कुठं तरी तडा आहे. मग तो दिसो न दिसो. सूर्याला टिचकी मारावी लागत नाही, तो आपणच वाजत असतो. ते टिपणाऱ्या सहा केंद्रांच्या साखळीचं नाव ‘गाँग’. नाव आद्याक्षरांचं, पण अर्थ शाळेतल्या टोलाचा.

भारतातलं तिचं एकमेव केंद्र उदयपूरला. डॉ. अरविंद भटनागर यांनी १९७५ च्या सुमारास तिथं सौर वेधशाळा सुरू केली, फतेहसागर तलावातल्या बेटावर. तलावच का? तापल्या जमिनीवर हवा थरथरते, पाण्यावर शांत राहते. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. १९८१ मध्ये वेधशाळा अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीकडे गेली आणि १९९५ मध्ये उदयपूरला ‘गाँग’चं यंत्र बसलं. बाकीची केंद्रं कॅलिफोर्निया, हवाई, ऑस्ट्रेलिया, टेनेरिफ आणि चिलीत. ऑस्ट्रेलियात सूर्य कललेला, टेनेरिफला नुकता वर येत असलेला, तेव्हा उदयपूरला टळटळीत दुपार. पावसाळ्यात मात्र पहारेकरीच ढगाआड.

यंत्र मिनिटाला एक चित्र घेतं. सूर्य आणि पृथ्वीमधल्या पोकळीतून आवाज येत नाही, पण आतल्या ध्वनिलहरींनी सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या तालात वरखाली होतो आणि ते हलणं प्रकाशाच्या रंगातल्या बारीकशा फरकातून कळतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांनी अशाच मोजमापांवरून सूर्याचं पोट तपासलं.

सूर्याची पृथ्वीवरून न दिसणारी पाठ तपासायची युक्ती २००० मध्ये चार्ल्स लिंडसे आणि डग्लस ब्राउन यांनी ‘सोहो’ यानाच्या नोंदींवर करून दाखवली. लहर मागं जाऊन परतायला सुमारे सहा तास घेते. मागं चुंबकीय डागांचा मोठा समूह असेल तर दहा-बारा सेकंद आधी येते. एवढ्याशा फरकावर नकाशा! लहान डाग त्यात निसटतात. २००१ मध्ये ‘गाँग’चे कॅमेरे बदलले आणि पुढं तिचेही नकाशे नेमाने निघू लागले.

२०२२ मध्ये मौना लोआच्या लाव्ह्यानं हवाईच्या केंद्राची वीज आणि रस्ता दोन्ही तोडले. साखळी उरलेल्या केंद्रांवर चालत राहिली. मे २०२४ मध्ये सौर वादळ उठवून लडाखच्या हानलेचं आकाश लाल करणारा डागसमूह सूर्याच्या कडेआड गेला, तेव्हा पाठीमागच्या नकाशांवर तो ठळक दिसत होता. मेअखेरीस पूर्वेच्या कडेवरून तो पुन्हा वर आला, आल्या आल्या एक ज्वाला भडकवत.