विजेचा लाकडी पाट

घरी पाहुणा आला की आधी पाट मांडायचा, ही आपली जुनी रीत. वीज नावाची पाहुणी माणसाच्या घरात प्रथम आली, तेव्हा तिच्यासाठीही पाटच मांडला गेला आणि तो लाकडाचाच होता. आज नव्या घरात दाराजवळ भिंतीत एक पेटी बसवलेली असते. तिच्यात एमसीबीचे खटके ओळीने उभे असतात आणि दिवाणखाना सजवताना नेमकी तीच डोळ्यांत खुपते. मग सुताराला बोलावून तिच्यावर नक्षीदार लाकडी झाकण करून घेतात. कोणी म्हणेल, ही नव्या जमान्याची हौस. पण लाकूड आणि वीज यांची सोयरीक सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि त्या सोयरिकीत रुसवेफुगवेही पुष्कळ झाले आहेत.

प्रारंभी वीज श्रीमंतांच्याच घरी गेली. इंग्लंडात लॉर्ड सॉल्झबरी यांच्या हॅटफील्ड हाउस या वाड्यात १८८१ च्या सुमारास विजेचे दिवे लागले. तारा दालनाच्या छतावरून नेलेल्या होत्या. त्या तापून आढ्याचे लाकूड पेटू लागले की खाली बसलेल्या मंडळींनी उशा फेकून ते विझवायचे आणि पुन्हा आपल्या गप्पांना लागायचे! न्यूयॉर्कचे सावकार पिअरपॉन्ट मॉर्गन यांनी १८८२ साली घरी एडिसनचे दिवे लावून घेतले. त्यांच्या ग्रंथालयातल्या मेजावरील दिव्याच्या तारेने पेट घेतला आणि मेज जळाले. पाहुणी देखणी होती खरी, पण तिचा स्वभाव अजून कोणाला उमगला नव्हता.

१८८२ हे साल या कथेत मोठे मोलाचे. त्या वर्षी लंडनमध्ये तारायंत्राच्या इंजिनिअरांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून आग लागू नये म्हणून नियमावली काढली. सप्टेंबरात एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले. आणि वाचकहो, त्याच वर्षी आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले! ते वैभव मात्र औटघटकेचे ठरले. वर्षभरातच त्या कंपनीचे दिवाळे वाजले आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले.

त्या काळच्या कारागिरांनी विजेला आवर घालण्यासाठी लाकूडच निवडले. कोरड्या लाकडातून वीज सहजी वाहत नाही आणि सुतार तर गावोगाव होते. लाकडाच्या लांब पट्टीत दोन खाचा पाडायच्या, एकीत जाणारी तार, दुसरीत येणारी. मधल्या उंचवट्यामुळे दोघींची गाठ पडत नाही. वरून दुसरी पट्टी स्क्रूने बसवायची. खालची पट्टी ती केसिंग आणि वरची ती कॅपिंग. मुंबईत १९०५ साली वाडीबंदरचे वीजघर चालू झाले आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीहून पाण्याची वीज शहरात आली. तसतशा या पट्ट्या आपल्याही भिंतींवरून धावू लागल्या. सागवानाचा बोर्ड, गोल लाकडी ठोकळे, त्यांवर पितळी टोपीचे खटके आणि लाकडाला चपड्याचे पॉलिश. पट्टी कोपऱ्यावर वळवायची ती देव्हाऱ्याच्या चौकटीसारखी पंचेचाळीस अंशात कापून. वायरमनला अर्धा सुतार व्हावेच लागे.

पण लाकडाचा गुण हवा कोरडी असेपर्यंतच. पाऊस लागला, भिंतीला ओल धरली की तेच लाकूड पाणी पिते आणि विजेला चोरवाट देते. त्या वाटेवर लाकूड हळूहळू कोळपते आणि कोळपलेल्या लाकडातून वीज आणखी सुखाने जाते. शिवाय वाळवी होतीच, आणि आगीला लाकूड म्हणजे तयार सरपण. म्हणून लाकडाला एकेक जागा सोडावी लागली. लिओ बेकलंडचे बॅकेलाइट १९०९ साली जगापुढे आले आणि खटके त्याचे झाले. १९२४ साली जर्मनीत मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात आपोआप पडणारा खटका घडला. तोच आजच्या एमसीबीचा पूर्वज. पुढे पट्ट्या प्लॅस्टिकच्या झाल्या. लाकूड गेले, पण केसिंग-कॅपिंग हे नाव मात्र वायरमनच्या तोंडी राहिले.

आता तेच लाकूड शोभेसाठी परत आले आहे. पूर्वी ते विजेला अंगावर वागवत होते, आज ते तिच्यावर पडदा धरते. आणि खरी मेख इथेच आहे. शाळेत मी मुलांना कधी कधी विचारतो, ‘घरातला मुख्य खटका कुठे आहे?’ डोंगर, नद्या, राजधान्या धडाधड सांगणारी मुले गप्प बसतात. रात्री जळका वास आला, कोणाला धक्का बसला, तर पहिली धाव त्या खटक्याकडे घ्यायची असते. तिथे जर खिळ्यांनी ठोकलेले चित्र किंवा कुलूप लावलेले झाकण असेल, तर शोभेची किंमत फार भारी पडेल.

म्हणून हौस जरूर करावी, पण रीत पाळून. झाकणाची चौकट भिंतीवर टांगावी, पेटीला भोक पाडू नये. भिंतीत स्क्रू मारण्याआधी वायरमनला विचारावे, कारण पेटीच्या वरखाली तारांच्या नळ्या भिंतीत दडलेल्या असतात. दार बिजागरीचे असावे, पूर्ण उघडणारे आणि एका हाताने ओढता येणारे. कडी-कुलूप नको. वर-खाली जाळी ठेवावी, म्हणजे आतली ऊब बाहेर जाईल. पेटीचे स्वतःचे झाकण मात्र काढू नये, कारण लाकडी दार हे त्याच्या बदली नव्हे. आत बिले, किल्ल्या, उदबत्तीचा पुडा असे काही कोंबू नये. उलट दाराच्या आतल्या अंगाला स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावे, कोणता खटका स्वयंपाकघराचा, कोणता माजघराचा, आणि सर्वांत मोठ्या अक्षरात मुख्य खटका कोणता ते.

यंदा दिवाळीत पणत्या लागतील, विजेच्या माळा झगमगतील. लक्ष्मीपूजनाआधी पाच मिनिटे काढून घरातल्या लहानग्यांना त्या दारापाशी न्यावे, दार उघडून मुख्य खटका दाखवावा आणि तो कधी पाडायचा ते समजावून सांगावे. झाकणावरची नक्षी पाहुण्यांसाठी असते. त्यामागचे ज्ञान घरच्यांसाठी आहे.