हिरवा वॉलपेपर, लसणाचा वास आणि पाऱ्याचा रंग

‘बुरशीरोधक’ हा शब्द आज पुट्टीच्या पिशवीपासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळीकडे छापलेला असतो. घराचं काम काढलं की आपण तो बघून माल निवडतो. पण त्याचा अर्थ नेमका काय? बुरशीला तिथे खायला काही नाही, ओल मिळत नाही, की तिला मारायला विष घातलंय? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की काय होतं, हे दोन जुन्या प्रकरणांवरून नीट कळतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती आणखी एका कारणासाठी वाचावीत: दोन्हींत पुरावा उभा करण्याची पद्धत अगदी वेगळी आहे.

सोमल आणि मोरचूद

1775 च्या सुमारास स्वीडिश रसायनतज्ज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने सोमल आणि मोरचुदापासून एक हिरवा रंग बनवला. 1814 मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये त्याहून झळझळीत हिरवा तयार होऊ लागला. त्यातही तांबं आणि अर्सेनिकच. पुढे हे रंग युरोपभर कापडावर, कृत्रिम फुलांवर आणि मुख्य म्हणजे वॉलपेपरवर पोचले.

आता गंमत बघा. अर्सेनिक विषारी, म्हणजे अशा कागदाला बुरशी लागणार नाही असं वाटेल. पण वॉलपेपर म्हणजे सेल्युलोज, आणि तो चिकटवायला पिठाची खळ. ओलसर भिंतीवर हे बुरशीसाठी वाढलेलं ताटच होतं. बऱ्याच बुरश्या अर्सेनिकने मरतात, पण काहींना ते सोसतं, आणि विषारी भिंतीवर त्याच उरतात.

1839 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन याने अशा खोल्यांतल्या विचित्र वासाबद्दल जाहीर इशारा दिला. कागदातून अर्सेनिकचा वायू निघत असावा, असा त्याचा अंदाज होता. हे प्रयोगाने दाखवलं ते 1890 च्या दशकात, इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने. बटाट्याच्या लगद्यात अर्सेनिक मिसळून त्याने त्यावर बुरशी वाढू दिली. लसणासारखा वास असलेला वायू निघाला. तो तयार करणारी एक बुरशीही त्याने वेगळी काढली. आज तिला स्कोप्युलॅरिऑप्सिस ब्रेव्हिकॉलिस म्हणतात.

हा वायू डायइथाइलआर्सीन आहे, असं बिजिनेल्लीने 1900 मध्ये सांगितलं. ते चुकीचं निघालं. 1933 मध्ये लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजरने तो ट्रायमिथाइलआर्सीन असल्याचं दाखवलं. त्याच कामातून सजीवांमधल्या मिथिलेशनचा मोठा विषय उभा राहिला.

साखळीतली न मोजलेली कडी

इथपर्यंतची रसायनशास्त्राची बाजू भक्कम आहे. पण या रसायनशास्त्रावरून लोकांच्या आजारपणाचं जे स्पष्टीकरण रूढ झालं, त्याच्या चार कड्या सुट्या करून बघा:

1. कागदात अर्सेनिक होतं.
2. बुरशी त्यापासून वायू बनवते.
3. राहत्या खोलीच्या हवेत तो पुरेसा साठत होता.
4. तेवढ्या वायूने माणूस आजारी पडतो.

पहिल्या दोन सिद्ध होत्या. पुढच्या दोन त्यांच्या जोरावर गृहीत धरल्या गेल्या. 1982 मध्ये सेंट हेलेना बेटावरच्या नेपोलियनच्या घरातल्या वॉलपेपरच्या तुकड्यात अर्सेनिक सापडलं, तेव्हा ही गोष्ट पुन्हा गाजली. मग 2005 मध्ये विल्यम कलन आणि रोनाल्ड बेंटली यांनी जुना पुरावा तपासला. ट्रायमिथाइलआर्सीन हे आर्सीनच्या मानाने खूपच कमी विषारी आहे, आणि ‘वायूने माणसं मेली’ ही जवळजवळ दंतकथाच आहे, असं त्यांनी मांडलं. म्हणजे तो कागद निर्धोक होता असं नाही. रंगाची भुकटी झडून श्वासात आणि अन्नात जाणं हा अर्सेनिकचा जास्त साधा मार्ग होता. शिवाय ओल स्वतःही आजार आणते.

दुसरं प्रकरण: मुद्दाम घातलेलं विष

अमेरिकेत पाण्यात मिसळणाऱ्या लॅटेक्स रंगांत बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून फिनाइलमर्क्युरिक ॲसिटेट घालत. 1989 मध्ये मिशिगनमध्ये घर आतून रंगवल्यावर चार वर्षांच्या मुलाला पाऱ्याची विषबाधा झाली. त्या रंगातला पारा तेव्हाच्या 300 पीपीएम मर्यादेच्या जवळपास तिप्पट होता.

इथे संशोधकांनी काय केलं ते पाहा. त्याच रंगाने नुकतीच रंगवलेली 19 घरं आणि न रंगवलेली 10 घरं घेतली. खोल्यांच्या हवेतला पारा मोजला, राहणाऱ्यांच्या लघवीतलाही मोजला. रंगवलेल्या घरांत दोन्ही जास्त निघाले. म्हणजे वॉलपेपरच्या गोष्टीत जी तिसरी कडी कोणी मोजली नव्हती, ती इथे थेट मोजली, आणि पारा माणसाच्या शरीरात पोचल्याचंही दाखवलं. ऑगस्ट 1990 पासून अमेरिकेत घराच्या आतल्या लॅटेक्स रंगांत पारा घालणं बंद झालं.

मग भिंतीला काय लावायचं?

आधी पाणी, मग अन्न, आणि विष सगळ्यात शेवटी, या क्रमाने विचार करा. गळती आणि झिरपणारी ओल तशीच ठेवून कुठलाही ‘रोधक’ माल लावला तरी तो फार टिकत नाही. कागदी आवरणाचा जिप्सम बोर्ड ओल्या जागी म्हणजे पुन्हा कागद आणि स्टार्च, जुन्या वॉलपेपरचंच सूत्र. अशा जागी सिमेंट बोर्ड किंवा काचतंतूंच्या आवरणाचा बोर्ड बरा. मात्र त्यावर धूळ साचली आणि ओल मिळाली, तर बुरशी धुळीवरही वाढते.

आपल्याकडचा चुना यात कुठे बसतो? ताज्या चुन्यात बुरशीचं अन्न नसतं आणि तो तीव्र अल्कधर्मी असतो. त्याच्या निवळीचा पीएच 12 च्या वर जातो. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि ही अल्कधर्मिता उतरते. म्हणूनच सफेदी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. आणि हाताला लागू नये म्हणून त्यात खळ किंवा डिंक घातला, की बुरशीची सोय आपणच करतो.

तुमच्या विषयातला एखादा गाजलेला पेपर घ्या आणि त्याच्या दाव्याच्या कड्या अशाच एकाखाली एक लिहा. प्रत्येकीपुढे ‘मोजली’ किंवा ‘गृहीत धरली’ असं लिहा. ‘गृहीत धरली’ लिहिलेल्या ओळींमध्ये बऱ्याचदा पीएचडीचा प्रश्न सापडतो.