हात परत देताना: कुणाला आणि कधी?

मान मोडून मज्जारज्जूला इजा झाली, की पाय तर जातातच. पण पुष्कळदा हातही अर्धेमुर्धे जातात. खांदा हलतो, कोपर वाकते, कधी मनगट वर उचलता येते. बोटे मात्र लुळी. अशा माणसाला आधी काय परत हवं असेल? आपण म्हणाल, चालणं. पण २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हातपाय चारही गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हातच आधी मागितले. आपला घास आपल्या हाताने घेणे ही काय चीज आहे, ते त्यांनाच ठाऊक!

सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन लेखात ही इजा उपचाराबाहेरची म्हणून सोडून दिलेली आहे. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी काम सुरू केले आणि हे रोगी जगतात, हे सिद्ध केले. मग प्रश्न आला: जगायचं, पण कसं?

जिवंत स्नायूची कंडरा मेलेल्या स्नायूच्या कामी जोडायची, ही युक्ती शस्त्रवैद्यांना माहीत होती. आपल्याकडे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांचे वाकडे हात याच मार्गाने सुधारले. परंतु इथे उसने घ्यायला स्नायू थोडेच. म्हणून निवड चुकली तर असलेलेही जायचे.

स्वीडनचे एरिक मोबर्ग यांनी १९७५ साली या निवडीला शिस्त लावली. त्यांनी आधी स्पर्श तपासला. अंगठ्याला दोन टोके १० मिलिमीटर अंतराने टेकवली आणि ती वेगळी कळली, तर त्या हाताला जाण आहे. नसेल, तर डोळ्यांनी पाहून पकडायचे. आणि डोळे एका वेळी एकाच हातावर राहतात. मग पकड एकाच हाताला द्यावी, हा त्यांचा साधा हिशेब. १९८४ साली फ्रान्समध्ये ज्यियां येथील परिषदेत वर्गवारी ठरली. तीत कोपराखालचे किती स्नायू पुरेसे बळकट आहेत ते मोजतात. बळाला पाचपैकी किमान चार गुण हवेत, कारण जागा बदलली की स्नायूचा एखादा गुण घटतो.

तेवढ्याने भागत नाही. सांधे मोकळे हवेत, आचके आटोक्यात हवेत. कंडरेच्या शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा वर्षभर थांबून आपोआप काय परत येते ते पाहतात. मज्जातंतू जोडण्याची नवी शस्त्रक्रिया करायची, तर मात्र उशीर नडू शकतो. काही स्नायू तोवर वाळून जातात. म्हणून तपासणी पहिल्या काही महिन्यांतच व्हावी.

आणि घरचं काय? हात काही आठवडे बांधलेला राहणार. तेवढे दिवस खुर्ची कोण ढकलणार, भरवणार कोण? रोग्याला हवे आहे तरी काय: पेन धरणे, की कोपर ताठ करून स्वतःला उचलणे? हे आधी विचारायला हवे. दुसऱ्याचा हात हातात घेण्यासाठीही हात असतो, तो मऊच राहिला पाहिजे, असे मोबर्ग बजावत असत. हाताचे गुण वैद्याने मोजावेत. त्या हाताने काय करायचे, ते मात्र ज्याचे त्यानेच सांगावे.