आठ कोर, एक ऑर्गन

गेल्या हिवाळ्यात वडसा-देसाईगंजला मामांकडे गेलो होतो. मामा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात. आता वय झालंय, चाली कुठेच लिहून ठेवलेल्या नाहीत. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवूया. आठ कोरचा नवाकोरा लॅपटॉप, त्यात ऑर्गनचा आवाज देणारं सॉफ्टवेअर, समोर कीबोर्ड. मामांनी दोन ओळी वाजवल्या आणि हात उचलला.

"काऊन रे बाबू, मी वाजवतो तं हा मागून काऊन बोलते?"

झालं! रोज हापिसात परफॉर्मन्सवर व्याख्यानं झोडणारा मी गप्प.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाताचं पीक घरात आलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्ररात्र नाटकं चालतात. मूळ दंडारीसारख्या लोककलांत, पुढे त्यावर संगीत नाटकाचा साज चढला. गावात शंकरपट भरला की रात्री नाटक असायचंच. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा. २०२३ साली इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. नट स्वतः गातो आणि वादक त्याच्या तोंडाकडे बघत साथ करतात. नटाने ओळ लांबवली की ऑर्गनही लांबतो. तिथे उशीर चालत नाही.

आता आपल्या गल्लीत येऊ. १९९६ साली स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं, १९९७ साली एएसआयओ, आणि स्टुडिओ घरच्या पीसीत शिरला. २००४ पर्यंत पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झला पोचला आणि तापून थांबला. वेग वाढेना, म्हणून २००५ साली इंटेल आणि एएमडी दोघांनीही एका चिपवर दोन कोर दिले. संगीतवाले खूश, आता दुप्पट ट्रॅक! पण जीन अ‍ॅमडालने १९६७ सालीच सांगून ठेवलं होतं की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही हात लावले तरी लवकर होत नाही.

म्हणजे बघा, दहा ट्रॅक दहा कोरांवर वाटता येतात. पण एकाच ट्रॅकवर पाच इफेक्ट ओळीने लावले तर दुसऱ्याला पहिल्यासाठी थांबावंच लागतं. शेवटचं मिक्सिंग तर सगळ्यांसाठी थांबतं. त्यात वेळेची मुदत! सेकंदाला ४४,१०० नमुने, बफर २०४८ चा, म्हणजे ४६ मिलिसेकंदांचा उशीर. जणू ऑर्गन १६ मीटर लांब ठेवलाय. आवाज फाटू नये म्हणून मीच तो बफर वाढवून ठेवला होता. १२८ केला तर उशीर ३ मिलिसेकंदांवर, पण आवाज तडतडायला लागला. टास्क मॅनेजर म्हणतो, सीपीयूचा वापर २० टक्के. सरासरी छान, आणि एक कोर मात्र घामाघूम.

यावर क्यूबेसच्या एएसआयओ-गार्डसारखी युक्ती निघाली ती अशी: आधी रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचं पुढे काय येणार हे ठाऊक असतं, त्यांचं गणित आगाऊ करून ठेवायचं. पण समोर बसलेला माणूस पुढचा सूर कुठला लावणार, हे कुठल्या कोरला कळणार? २०२१ नंतर इंटेलच्या चिपमध्ये वेगवान आणि काटकसरी असे दोन जातींचे कोर आले. नेमकं आपलं काम काटकसरी कोरवर पडलं, तर गंमतच.

मग मी काय केलं? मामांच्या ट्रॅकवरचे जड इफेक्ट काढले, ते रेकॉर्डिंगनंतर लावता येतात. तबल्याचे ट्रॅक फ्रीज केले. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, वायफाय बंद, बफर १२८. कोर तेवढेच, आठ.

मामांनी पुन्हा वाजवलं. या वेळी हात उचलला नाही. तिसऱ्या ओळीला मामीच आतून गायला लागल्या, ओळ लांबवली, आणि मामा न बघता थांबले.

असो. सहा चाली झाल्यात. बाकीच्या होळीनंतर, मामांचा सीझन संपला की.